मी मौन धरलेलं नाही

बेल्लमपल्ली, मार्च १९४४

प्रिय प्रयागे,

तुझ्या पत्रातल्या एका ओळीने कालपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. त्या ओळीकडे येतो. पण आधी माझं खोटं कबूल करू दे, नाहीतर तू माझं ऐकणार नाहीस.

मी मौनव्रत घेतलेलं नाही. वीस वर्षं व्रतवैकल्यांवर तुटून पडणारा तुझा भाऊ व्रत घेईल, हे तुला तरी कसं पटलं? मला जिभेचा कर्करोग आहे. दिवाळीनंतर वाचनालयासाठी पुस्तकं आणायला म्हणून मुंबईला गेलो, तो सहा आठवडे इस्पितळात किरणांचा शेक घेत होतो. परतलो तेव्हा तोंड आतून सोललेलं, आणि खाणीच्या चाळीपुढे लोक सभाबंदी मोडून भाषणासाठी बसलेले. माझ्याने ओठ उघडवेनात. आमच्या सभा जमवणारा चंपतराव गोंधळला, मग उठून त्यानेच जाहीर केलं, "दादानं मौन धरलं हाये, सभाबंदी उठेपर्यंत!" टाळ्या पडल्या. मी मान हलवली. भ्यालो गं. सरकारला शिव्या दिल्या म्हणून जीभ सडली, असं लोक म्हणतील आणि माझा शब्दन् शब्द मातीत जाईल, ही धास्ती. आता शेजारच्या जयवंताबाई मला व्रतस्थ समजून दारात नारळ ठेवून जातात. तुझी वहिनी म्हणते, "मी म्हनत होती गप बसा, तवा ऐकलं नाही. आता बसा!" हसते, आणि आत जाऊन रडते.

सकाळी ओठ एकमेकांना चिकटलेले असतात. ओल्या फडक्याने भिजवून सोडवायचे, मग लोणी लावायचं. लाळ सुटत नाही, म्हणून तांब्या सतत जवळ. दर दोन तासांनी कोमट पाण्यात मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा घालून चुळा भरतो. दात मऊ चिंधीने पुसतो. ज्वारीची पातळ पेज, तीही गार करून. मिरची नाही, चिंच नाही. जखमा भरत चालल्या आहेत. रोग गेला की नाही, ते डॉक्टर अजून सांगत नाहीत. तरी हे सगळं सोसवतं, प्रयागे, म्हणून इतकं बारकाईने लिहितो आहे.

कारण तू लिहितेस, "गालात चट्टा हाये, तीन महिने झाले भरून नाही राह्यला. बोललं का झोंबते. म्हून मी बी तुझ्यावानी मौन धरलं. भरला का सोडीन." आणि वर तंबाखूची मिसरी लावतेस! माझाही चट्टा असाच होता, आणि मी चार महिने सभा गाजवत हिंडलो. तुझा साधाही असेल. पण ते डॉक्टरला पाहू दे. चंपतराव हे पत्र घेऊन बैलगाडीने तुझ्याकडे उटनूरला येतो आहे. त्याला मी खरं लिहून दिलं. वाचून तो दोन दिवस माझ्या दाराकडे फिरकला नाही. आता रविवारी माझं तेच लिहिलेलं तो चाळीपुढे वाचून दाखवणार आहे. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. लहानपणापासून तू माझं पाहून सगळं करत आलीस, आणि मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा. आता नको. मिसरीची डबी चुलीत टाक, तोंड उघडून चट्टा घरच्यांना दाखव आणि त्याच गाडीत बस. शुक्रवारच्या रेल्वेने आपण दोघं मुंबईला जाऊ.

तुझी वाट पाहणारा, तुझाच,
अमृतदादा