गाडी घेण्याआधीचा अभ्यास

२ जानेवारी
आज घरात मोठा निर्णय झाला. गाडी कोणती घ्यायची ते मी ठरवायचं.
बाबा जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवत आले. कोणती घ्यायची हे त्यांना कधी कुणी विचारलंच नाही. आता कारखान्याच्या ऑफिसातल्या लोकांची ने-आण करायचं काम मिळतंय, पुढच्या महिन्यापासून. अट एकच, गाडी स्वतःची हवी. जुन्या गाड्यांच्या बाजारात दोन चांगल्या आहेत. एक डिझेल, एक पेट्रोल. बाबा म्हणाले, घरात ग्रॅज्युएट असताना आपण कशाला डोकं चालवायचं? आमच्याकडे हा आता नियमच झालाय. औषधाच्या बाटलीपासून मोबाईलवरच्या मेसेजपर्यंत, अक्षर दिसलं की माझ्याकडे.
माझा विषय समाजशास्त्र होता. हरकत नाही. पद्धत महत्त्वाची. चार दिवसांत निकाल लावते.

६ जानेवारी
चार दिवस कमी पडले.
डिझेल : घेताना महाग, पळते जास्त, दुरुस्ती खर्चिक, काजळी. पेट्रोल : आवाज कमी, घेताना स्वस्त, नंतर पाण्यासारखं पिते. म्हणजे प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही. ज्यांना सोपा वाटतो ते वाचत नाहीत.
बाबांना विचारलं, तुमचं मत काय? म्हणाले, मला दोन्ही चालवता येतात. हे काही उत्तर नव्हे.

९ जानेवारी
आईला सोपं करून सांगितलं. डिझेल म्हणजे आत्या. तापायला वेळ, घरभर आवाज, पण एकदा कामाला लागली की दमत नाही. पेट्रोल म्हणजे मावशी. हाक मारली की हजर, बोलणं मऊ, पण खर्चाला भारी.
आई म्हणाली, माझ्या बहिणीने तुझं काय खाल्लं गं? बाबा म्हणाले, आणि माझ्या बहिणीतून धूर निघतो का? जेवताना दोघांनी मीठ माझ्यामार्फत मागितलं. धाकटा म्हणाला, ताई, मग इलेक्ट्रिक म्हणजे तू. नुसती चार्जिंगला लावलेली.
त्याला अभ्यासाचं गांभीर्य नाही.
संकल्प : नातेवाइकांची उदाहरणं बंद.

१३ जानेवारी
बाजारात प्रत्यक्ष पाहणी. डिझेलची पांढरी आहे. बाबा आत बसले, सीट मागे-पुढे केली, आरसा आपल्याला हवा तसा वळवला आणि उतरेचनात. मी म्हटलं, बाबा, भावनेच्या भरात नको. लगेच उतरले. समजूतदार आहेत. आरसा मात्र पुसला त्यांनी, रुमालाने.
माझे प्रश्न ऐकून गाडीवाला म्हणाला, पोरी, गाडी घ्यायचीय की तिच्यावर पेपर लिहायचाय? दुर्लक्ष केलं.
तिथे एक गृहस्थ त्याच गाडीभोवती गोंधळून घिरट्या घालत होते. गाडीतलं ओ का ठो कळत नव्हतं बिचाऱ्यांना. ज्ञान दाबून ठेवणं मला जमत नाही. रोजचा लांबचा पल्ला असेल तर डिझेल का बरं, धूर कसा ओळखायचा, या गाडीचं इंजिन किती चांगलं राखलंय, सगळं नीट समजावलं. फार आभार मानले त्यांनी. गाडी घेऊन गेले.
माझा पहिला यशस्वी सल्ला! बाबा घरी येईपर्यंत गप्प होते. बहुधा अभिमानाने.

१४ जानेवारी
बाबा म्हणतात, राहिली ती पेट्रोलची घेऊन टाकू. मी म्हटलं, एकच उरली म्हणून घ्यायची याला निवड म्हणत नाहीत. आई म्हणाली, का? तुझ्या बाबांची निवड मी तशीच केली.

१९ जानेवारी
गाडीवाल्याचा फोन. लवकर कळवा म्हणाला. घाई करणं हा त्याचा धंदा आहे.
खरा मुद्दा सापडला : रोज किती किलोमीटर होणार? कमी असतील तर पेट्रोल, जास्त असतील तर डिझेल. बाबा म्हणाले, पण डिझेलची गेली ना? मी म्हटलं, आधी सिद्धांत, मग गाडी. उद्या-परवा कारखान्यात जाऊन विचारते. अंदाजपंचे काही करायचं नाही.

२१ जानेवारी
कारखान्यात गेले होते. मॅनेजरबाई फार सभ्य. त्यांच्या खोलीत भिंतीवर रस्त्यांचा नकाशा, त्यावर रंगीत टाचण्या. एकेका गाडीची एकेक टाचणी. बघता बघता माझ्या लक्षात आलं, बहुतेक टाचण्या एकाच रस्त्यावर! एवढी इंजिनं, एवढा धूर, आणि प्रत्येक गाडीत तीन-तीन माणसं! राहवलं नाही. एक बस लावली तर सगळ्यांची सोय होईल, हे मी बोटाने रस्ता दाखवत पटवून दिलं. बाई म्हणाल्या, हे आम्हाला कुणी सुचवलंच नव्हतं. कुणाची तू, काय शिकलीस, सगळं विचारलं. चहा दिला.
शिक्षणाचा असा उपयोग व्हावा, दुसरं काय!
किलोमीटर विचारायचे राहिले.

२७ जानेवारी
बाबांना फोन आला. गाड्या रद्द. बस ठरली.
फोन ठेवल्यावरही ते तसेच उभे होते. मी म्हटलं, बाबा, हवेच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. आई म्हणाली, तू आत जा.
गेले.

३० जानेवारी
हार मानायची नाही. बसला ड्रायव्हर लागतोच! बसवाल्याकडे जाऊन आले. अवजड वाहनाचं लायसन हवं, ते बाबांकडे नाही. आता काढतो म्हटलं तर वय विचारतात. वय सांगितलं. हसला नाही, हे त्यातल्या त्यात बरं.
परत मॅनेजरबाईंकडे. त्या म्हणाल्या, फाटकावर एक माणूस हवाय.
मी बाबांना सांगितलं, यात इंधनाचा प्रश्नच येत नाही.

९ फेब्रुवारी
बाबा फाटकावर रुजू होऊन आठवडा झाला. जायला-यायला बस फुकट आहे.
शेजारच्या काकू त्याच बसने जातात. आज सांगत होत्या, पहिल्याच दिवशी तुझ्या बाबांनी अख्ख्या बसला सांगितलं, ही बस माझ्या मुलीने सुरू केली. मॅनेजरबाईंनी त्यांना सगळं सांगितलं म्हणे. मला ते याबद्दल एका शब्दाने बोलले नाहीत.
केवढं कौतुक गं त्यांना तुझं, काकू म्हणाल्या. आणि एक गंमत सांगू? ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसतात. वळण आलं की यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो. तिथे काहीच नाही, तरी दाबतात.
काकू हसल्या. मीही हसले. फार वेळ जमलं नाही.