चूळ भरायची नाही

४ मार्च

दातांच्या तारा निघाल्या. दात सरळ — आणि डागाळलेले! प्रत्येक दातावर जिथे तार अडकवायला चिकटवलेला तुकडा होता तिथे स्वच्छ चौकोन, आणि भोवती खडूसारखी पांढरी चौकट. भिंतीवरची तसबीर काढल्यावर उरते तशी.

तारा बाबांनीच लावल्या, त्यांनीच काढल्या. आरसा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, नीट घासले नसशील. मदतनीस बाईंसमोर, बाहेर पेशंट बसलेले असताना! दातांच्या डॉक्टरची मुलगी, आणि दात हे असे. मी घासत होते. दर जेवणानंतर, कॉलेजच्या बेसिनवर पोरी हसायच्या तरी घासत होते. घरी आल्यावर आईनेही बाबांचीच री ओढली. मी जेवले नाही.

५ मार्च

बाबांनी टूथपेस्टची ट्यूब दिली. जास्त फ्लोराइडची. वाटाण्याएवढी घ्यायची, घासायचं, थुंकायचं — पण चूळ भरायची नाही. दातांवर राहिली तरच लागू पडते. डाग पुसट होतील, पण महिने लागतील म्हणे. कालच्या बोलण्याबद्दल अवाक्षर नाही.

११ मार्च

सवयीने चूळ भरली. पुन्हा!

१९ मार्च

दात ओले असले की डाग लपतात. वाळले की उगवतात. म्हणून हल्ली मी ओठ मिटून हसते. खरं म्हणजे हसतच नाही.

२४ मार्च

बाबांनी आज परत तसलीच नवी ट्यूब आणून दिली. परत तेच — वाटाण्याएवढी, थुंकायचं, चूळ नाही. बेसिनवर आता चार झाल्या. दुकान टाकते म्हटलं, तर नुसते बघत राहिले. विनोद कळला नाही, की आधीच्या तीन आठवल्या नाहीत?

२ एप्रिल

घरी न सांगता दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. वयस्कर बाई. दात वाळवून, भिंगातून बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, तुझ्या घासण्यात खोट नाही. तुकडे चिकटवताना कडेने बाहेर आलेलं सिमेंट पुसायचं असतं, ते कुणी पुसलंच नाही. त्या खरखरीत कडेवर घाण साठत गेली. काही दातांवर ते अजूनही तसंच आहे — त्यांनी माझं बोट धरून टेकवलं, तर नखाला लागलं.

कुणी लावल्या होत्या, त्यांनी विचारलं. गाव बदललं, नाव आठवत नाही म्हटलं.

येताना डोकं नुसतं तापलं होतं. आता बाबांच्या तोंडावर सांगते! दार उघडलं तर बाबा टेबलावरचा चहाचा डाग पुसत होते. आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्या, मग बोट फिरवून बघत. हा माणूस सिमेंट पुसायचं ठेवील? माझा राग जिथल्या तिथे गार झाला. त्या जागी भीती बसली.

९ एप्रिल

आईला सगळं सांगितलं. ती भांडी विसळत राहिली. मग कळलं — तिला ठाऊक आहे. वर्षभर ती रोज दवाखान्यात जाऊन बसते, घरी करमत नाही म्हणून नव्हे. कोण पेशंट आलाय, आज काय करायचंय, हे त्यांना हळूच सांगायला.

मी म्हटलं, मग तेव्हा माझ्यावर का ढकललंस?

"तुझे डाग जातील गं," ती म्हणाली. "त्यांचं तसं नाही."

खूप रडलो दोघी. पण सतरा तारखेला एका शाळकरी मुलीला तारा लावायच्या आहेत. ते थांबव म्हटलं तर आई म्हणते, दवाखाना काढून घेतला तर त्यांच्याजवळ राहील काय? आणि सांगणार कोण?

१५ एप्रिल

सांगायचंच म्हणून दवाखान्यात गेले. दारातून बघितलं. बाबा गुणगुणत अवजारं मांडत होते, सुखात. तशीच परत आले. भित्री मी.

१६ एप्रिल

शेवटी दात दाखवायच्या निमित्ताने गेले. खुर्चीत बसले. त्यांनी हात धुतले, दिवा ओढला, हवेने दात वाळवले. हात अगदी स्थिर. बोट कडेवरून फिरलं आणि थांबलं.

"कुणाचं काम हे?" त्यांनी विचारलं. "सिमेंटसुद्धा पुसलेलं नाही. तुमची काही चूक नाही हो यात."

मी त्यांच्याकडे बघत होते. तेही माझ्याकडे, एखाद्या नव्या पेशंटकडे बघावं तसे.

"अशा माणसानं आता कुणाच्या तोंडात हात घालू नये," म्हणाले. "भेटला तर स्पष्ट सांगा त्याला."

खणातून ट्यूब काढून माझ्या हातात दिली. वाटाण्याएवढी. चूळ भरायची नाही.

सांगते, म्हटलं.

दारात आई उभी होती. ती बाहेर गेली आणि तिने उद्याच्या त्या शाळकरी मुलीच्या घरी फोन लावला.