पहिल्या फेरीत कोण बोललं?

रविवार, १ नोव्हेंबर १९८७. मुलुंड.
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांचे सुरुवातीचे दिवस कुणी नोंदवत नाही. माझ्या बाबतीत तसं होऊ देणार नाही. मामाने दुबईहून आणलेला कॉम्प्युटर टीव्हीला जोडला. प्रोग्राम टेपरेकॉर्डरवरून लोड होतो. संकल्प: माणसासारखं मराठी बोलणारा प्रोग्राम लिहिणे. नाव ‘संवाद’. अक्षरं इंग्रजी, भावना मराठी.

बुधवार, ४ नोव्हेंबर
संवाद तयार. एकूण बारा वाक्यं. ‘अस्सं?’, ‘मग तुम्ही काय केलंत?’, ‘आणखी सांगा ना’ वगैरे. समोरच्याने आई किंवा बाबा म्हटलं की ‘घरच्यांबद्दल सांगा.’ माणसाला तरी बोलायला याहून जास्त कुठे लागतं? आई म्हणाली, तू तर चारातच भागवतोस. जळते.

शनिवार, ७ नोव्हेंबर
शेजारच्या अंबादासकाकांवर ट्रायल. ते बोलले, मी टाइप केलं, मशीनने उत्तरं दिली. सोसायटीच्या पाण्यापासून जावयाच्या स्वभावापर्यंत सगळं निघालं. मशीन आपलं अस्सं, अस्सं. काका डोळे पुसत उठले. म्हणाले, इतकं समजून घेणारं माणूस अख्ख्या सोसायटीत नाही. खुशीत त्यांनी माझ्यासाठी स्थळच काढलं. घाटकोपरची कुंदा, एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर. मला तेहतीस पूर्ण. आईच्या मते हे शेवटचं बरं स्थळ. माझ्या मते मुलीचं नशीब.

मंगळवार, १० नोव्हेंबर
झकास आयडिया! बघण्याच्या कार्यक्रमात मुलामुलीला थोडं बोलू देतातच. तिच्यासमोर माझ्याऐवजी टीव्ही. दोन फेऱ्या. एकीत मशीन बोलेल, दुसरीत मी. माणूस कोणता ते तिने ओळखायचं. असा कार्यक्रम जगात झाला नसेल. आई म्हणाली, होऊही नये. आईला सायन्स नाही.

गुरुवार, १२ नोव्हेंबर
कुंदाशी बोलायचे विषय काढून ठेवणार होतो. टीव्हीची वायर स्वयंपाकघरापर्यंत वाढवण्यात संध्याकाळ गेली. ऐनवेळी सुचेल. मी मुळात बोलका.

रविवार, १५ नोव्हेंबर
कार्यक्रम जोरात. पोहे झाल्यावर मोठी मंडळी गच्चीवर गेली. कुंदा टीव्हीसमोर, मी स्वयंपाकघराच्या पडद्याआड कीबोर्ड घेऊन. पहिली फेरी मशीनची. ती आधी हसली, मग बोलायला लागली ती थांबेचना. मध्येच आवाज कापरा झाला. सर्दी असावी. तिचं सगळं भराभर टाइप करताना बोटं मोडायची वेळ आली, अर्थाकडे बघायला फुरसत कुणाला?
दुसरी फेरी माझी. टाइप करून विचारलं, उंची? पगार? चष्म्याचा नंबर? नोकरीत बदली होते का? उत्तरं एकेका शब्दात. बाई एकदम थंड पडली.
तिचा निकाल: पहिला माणूस, दुसरं मशीन. मी पडद्याआड नाचलो! बरोबर की चूक ते मुद्दाम सांगितलं नाही. सस्पेन्स हवा.

मंगळवार, १७ नोव्हेंबर
होकार! अंबादासकाका निरोप घेऊन आले. कुंदा म्हणते, दिवसभर लोकांना लाइन जोडून देते, पण माझं कुणी इतकं ऐकून घेतलं नव्हतं. पहिल्या फेरीत मार्तंडरावच होते ना, तेवढं कळवा, मग पुढची बोलणी. काका म्हणाले, हो म्हणून मोकळा हो, वाट लावू नकोस. आई म्हणाली, हो म्हण आणि जन्मभर तसाच वाग.
तसा मी होतोच की. प्रोग्राम माझा, टायपिंग माझं.

बुधवार, १८ नोव्हेंबर
पण मग संवादचं श्रेय बुडतं. मशीनला माणूस समजलं गेलं, हे कुणाला कळूच नये? शिवाय मुलगी मला आवडली आहे. खरंच आवडली आहे. ती हसली ते पडद्याआड ऐकू आलं तेव्हापासून. हे सगळं मी लिहिलं म्हटल्यावर ती आणखी इंप्रेस होईल. सांगायचं ठरलं. आईला बोललो नाही, उगाच खोडा घालेल.

गुरुवार, १९ नोव्हेंबर. दुपारी, ऑफिसात.
कुंदाला तिच्या ऑफिसात फोन केला. म्हटलं, पहिल्या फेरीत मशीन होतं, पण ते घडवलं मी! ती शांतपणे म्हणाली, ठीक आहे, मशीन तर मशीन. पण टाइप तुम्हीच करत होता ना? माझा शब्द न् शब्द तुमच्या हाताखालून गेला. मग आईबद्दल मी काय सांगितलं, तेवढं सांगा. मला तेवढंच पुरे आहे.
काही केल्या आठवेना. ‘आई’ शब्द आल्याबरोबर मशीनने योग्य ते वाक्य टाकलं होतं, एवढं मात्र पक्कं आठवलं. तेच सांगितलं. लाइनवर नुसती खरखर. काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून विचारलं, तुमचा रक्तगट कोणता?
ऑपरेटरच ती. लाइन कधी तोडली ते कळलंसुद्धा नाही. मी त्यानंतरही बराच वेळ तिला रक्तगटाचं महत्त्व समजावत होतो.