दोन मिनिटं सात सेकंद

३ मार्च, सोमवार
आमच्या सर्व्हरच्या पोटात चाळीस व्हर्च्युअल मशीनं. म्हणजे कॉम्प्युटरच, फक्त हात लावता येत नाही. सुरू व्हायला भयंकर वेळ घेतात. मॅनेजरबाई म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत जो कारण शोधेल तो टीम लीड. म्हणजे मीच. दुसरं आहे कोण, नेटवर्कवाला? त्याला डोक्यावरचा चष्मा सापडत नाही! हिला घरी येऊन सांगूनही टाकलं. ही म्हणाली, आधी होऊ दे.

४ मार्च, मंगळवार
शास्त्रशुद्ध मोजमाप सुरू. बटण दाबलं, चहाला गेलो, आलो तर अकरा मिनिटं. नोंद बाद. पुन्हा दाबलं, फोन बघत बसलो. दोन मिनिटं सात सेकंद. मशीन सुरू होताना स्क्रीनकडे टक लावून बसणं हे माझ्या लेव्हलचं काम नाही.

५ मार्च, बुधवार, स. १०.४०
सापडलं! एक कमांड आहे, तिचं नावच ‘ब्लेम’. कोणी किती वेळ खाल्ला त्याची यादी देते. चहाडखोर कमांड, मला फार आवडली. यादीत सगळ्यात वर नेटवर्क. नऊ सेकंद. उरलेले एकशे अठराही त्याचेच असणार.

दु. ३.००
नेटवर्कवाल्याला कडक मेल. कॉपी सगळ्या ऑफिसला. भाषा सभ्य, पण झोंबणारी.

६ मार्च, गुरुवार
नेटवर्कवाला खुर्ची ओढून शेजारी बसला. चिडलाही नाही, याचाच जास्त राग आला. म्हणाला, “या यादीत जे सुरू झाले त्यांचीच नावं येतात. जो उठलाच नाही, त्याचं नाव कसं येईल?” मग त्याने एक मशीन पुन्हा सुरू केलं आणि मला दोन मिनिटं स्क्रीनसमोरून हलू दिलं नाही. तिथे धडधडीत लिहून येत होतं: ‘सहल_फोटो’ डिस्कची वाट पाहत आहे, नव्वद सेकंद. ऑफिसच्या मशीनला सहलीचे फोटो जोडणारा गाढव कोण म्हणून मी पोट धरून हसलो.

७ मार्च, शुक्रवार
तीन वर्षांपूर्वी मूळ मशीनला मीच ती डिस्क जोडली होती. डिस्क घरी नेली, सेटिंगमधली जोडणीची ओळ तिथेच राहिली. चाळीसही मशीनं त्या मूळ मशीनच्या कॉप्या. ओळ खोडली. सदतीस सेकंदांत सुरू!

बाईंनी मीटिंगमध्ये विचारलं, कारण कोणी शोधलं? नेटवर्कवाला उभा राहिला. लीड झाला. मग विचारलं, आणि कारण कोण?

मीही उभा राहिलो. टाळ्या मला जास्त पडल्या.