शेवटच्या डब्यातली पहिली भेट

तीर्थस्वरूप दाजी,

साष्टांग नमस्कार. (पाठीत उसण भरली आहे, त्यामुळे तूर्तास कागदावरच.) तुमचा गुडघा कसा आहे? ताई गेल्या महिन्यापासून माझ्याकडे आहे आणि खुशाल आहे, म्हणजे माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते आहे. सिनेमातल्या गाण्याला ती रडली आणि तुम्ही हसलात, एवढ्यावरून तिने घर सोडावं का, यावर मी बोलणार नाही. पण "माणसं गाण्यात बोलतात, असला पोरखेळ बघतं कोण?" असं तुम्ही म्हणालात, त्याला थेटरात पंचवीस वर्षं मशीन चालवणारा माणूस म्हणून उत्तर देणं मला भाग आहे.

तर आमच्याकडे एक परदेशी गाण्यांचा सिनेमा आला. चार देश फिरून आलेला, पेटीवर शिक्क्यांवर शिक्के. भाषा कुणालाच येत नाही. (मालकांना येते म्हणे, पण ते भलत्याच जागी हसतात.) रिळांच्या डब्यांवरची धूळ पुसताना आकड्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या, त्या मी अंदाजपंचे परत डकवल्या. अंदाज माझा असल्यामुळे नायक चौथ्या डब्यात मेला आणि नायिकेला पहिल्यांदा भेटला तो शेवटच्या डब्यात, पुलावर, गाणं म्हणत! माझ्या तोंडचं पाणी पळालं. आता खुर्च्या मोडणार म्हणून झरोक्यातून खाली बघतो, तर अख्खं थेटर डोळे पुसतंय. बाहेर पडताना शिंपीणबाई म्हणाल्या, "गेलेला माणूस परत भेटला हो तिला!" दुसऱ्या दिवशी मी डबे नीट लावले, तर काल जगलेल्याला आज का मारला म्हणून लोक मालकांच्या अंगावर धावून गेले. तेव्हापासून माझाच क्रम चालू आहे, आणि आज चौथा आठवडा.

दाजी, मला अभिमान वाटतो, उघड सांगतो. कुठल्या कोण माणसांनी बांधलेली चाल आमचा पाववाला सायकलवर शिट्टीत वाजवतो. एका शब्दाचा अर्थ त्याला ठाऊक नाही, पण पुलावरच्या कडव्याला तो उतारावरसुद्धा सायकल हळू करतो. चार देशांत माझ्यासारख्याच चौघांनी हीच रिळं मशीनवर चढवली असतील, आणि तिथेही कुणीतरी असंच रडलं असेल. (हसलंही असेल. तुमच्यासारखी माणसं सगळीकडे असतात.)

तुमचा मेहुणा,
मशीनवाला

ता. क. ताई रोज फक्त शेवटच्या डब्याला येऊन बसते. शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवते आणि कुणालाही बसू देत नाही.

आणखी एक ता. क. रविवारी दुपारच्या खेळाला या. हसू आलं तर रुमाल तोंडात धरा. गुडघ्यामुळे उशीर झाला तरी हरकत नाही, आमच्याकडे पहिली भेट शेवटीच होते.