वरून दुसरी ओळ

प्रिय टकळे,

अक्षर तुझ्या आईचं आहे, बोलणं माझं. औषधांच्या दुकानात वीस वर्षं डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून तिचं अक्षरही डॉक्टरांसारखं झालंय, असं तूच म्हणायचीस, तेव्हा एखादा शब्द लागला नाही तर मला बोल लावू नकोस. तिला मी बजावलंय की मी बोलेन तेच लिहायचं, मधे आपलं शहाणपण घालायचं नाही, आणि काहीही ऐकलं तरी पेन खाली ठेवायचं नाही. ती म्हणाली, एवढं काय सांगणार आहात? मी म्हटलं, तू लिही तर खरं. हेही तिने लिहिलंय बघ. बाई प्रामाणिक आहे.

आधी बातम्या. माझा डावा गुडघा उजव्यापेक्षा हुशार निघाला. तो आधी कुरकुरायला लागला म्हणून शेकही त्यालाच आधी मिळतो. खालच्या मजल्यावरची शिंपीण आता चष्मा लावून सुई ओवते आणि चष्मा न लावता माझ्या केसांना नावं ठेवते. जिन्यातला दिवा अजून त्याच्या मर्जीने लागतो. आणि तुझा कॉम्प्युटर ठणठणीत आहे. बटण दाबलं की माझे वीस आकडे मोजून व्हायच्या आत जागा होतो. पूर्वी त्याला उठवून मी भांडी घासून यायचे, तरी तो डोळे चोळत बसलेला असायचा. तू शेवटची येऊन गेल्यापासून दीड वर्षात तो एकदाही आजारी पडला नाही. एवढं धड काम करून गेलेली मुलगी घरी यायला का घाबरते, हे कुणाला सांगून पटायचं नाही.

तुला आठवतं, तू पाच दिवसांची रजा काढून आली होतीस. तुझ्या बाबाला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. जुनी सिस्टिम आता म्हातारी झाली, कंपनीने तिची काळजी घेणं सोडलंय, चोर शिरतील, असं तू सांगितलंस. मी विचारलं, ही सिस्टिम म्हणजे नक्की काय गं? तू म्हणालीस, कॉम्प्युटर म्हणजे घर आणि ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे ते घर चालवणारी बाई. मी म्हटलं, म्हणजे मी. तू म्हणालीस, नाही, आई. त्यावर आम्ही दोघी सासू-सुना पहिल्यांदाच एका गोष्टीला एकत्र हसलो होतो. मग तू लिनक्सचं पुराण लावलंस. ती सगळ्यांनी मिळून बांधलेली असते, तिच्यात काही झाकलेलं नसतं, आतलं सगळं कुणीही उघडून वाचावं, चूक दिसली तर सुधारावी आणि शेजाऱ्याला फुकट द्यावी. मी म्हटलं, कुणीही म्हणजे ज्याला वाचता येतं तो. तुझी टकळी थांबवणं हे या घरात फक्त मला जमायचं.

त्यानंतर तुझं ते डोकं चाललं. तू म्हणालीस, नवशिक्यांसाठी चांगली कुठली हे जगाला विचारायचं कशाला, घरात आजी आहे. जी आजीला चालवता येईल तीच बसवायची. तीन पेनड्राइव्ह आणलेस, प्रत्येकात वेगळ्या रंगाची लिनक्स. काहीही न पुसता, नुसती लावून चालवून बघता येते म्हणालीस, नवं पायताण दुकानातच चार पावलं चालून बघावं तसं. मला चार कामं दिलीस. सुरू करायचं, फोटो बघायचे, गाणं लावायचं, बंद करायचं. वहीत निकाल लिहायच्या ऐवजी हसरी-रडकी तोंडं काढत होतीस, म्हणजे मलाही वाचता यावा. नारिंगी रंगाची होती तिच्यात सगळी चित्रं डाव्या कडेला एकाखाली एक उभी, शिक्षा केलेल्या पोरांसारखी. बंद कुठून करायचं ते मला सापडेना. रडकं तोंड. निळी होती ती हुबेहूब जुनीसारखी, इतकी की मला तिचा संशय आला. जी नवी येऊन जुनीसारखी वागते तिच्या पोटात काय असेल सांगता येत नाही, असं मी म्हटलं, आणि तू तुझ्या आईकडे बघून हसलीस. तिला अर्धं तोंड मिळालं. हिरवीला मात्र सगळं खालच्या कोपऱ्यात, हाताशी. चारही कामं मी एकटीने केली. तू असं हसरं तोंड काढलंस की ते वहीच्या बाहेर गेलं. आणि मला एक नियम शिकवलास, की अक्षरं दिसली तर घाबरायचं नाही, पुढे जायचं असेल तेव्हा खालच्या उजव्या कोपऱ्यातलं बटण दाबायचं. तो नियम मला आजही पाठ आहे.

आता जे सांगते ते तुला माहीत आहे, पण ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. तुझा बाबा बसस्टँडवर घोषणा करायचा. काचेच्या खोलीत बसून सव्वीस वर्षं त्याने गावाला गाड्या सांगितल्या. घरातही तुला शाळेत पाठवताना नाक चिमटीत धरून म्हणायचा, शाळेकडे जाणारी टकळी दहा मिनिटं उशिराने सुटत आहे, डब्याची नोंद घ्यावी. असा माणूस, आणि त्याचा गळाच धरला आजाराने. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही. तुम्ही दोघी म्हणालात, पाटी घेऊ, लिहून दाखवतील. तुम्हाला वाचता येत होतं. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात तो चार दुपारी कॉम्प्युटरसमोर दार लावून बसला. मला वाटलं, कामाचं काही असेल. त्याने माझ्यासाठी एक पान करून ठेवलं होतं. सात ओळी, प्रत्येक ओळीच्या आधी एक गोल टिकली. टिकलीवर बाण नेऊन दाबलं की तो बोलायचा.

पहिली ओळ, आई, पाणी देतेस? तिसरी, आई, टीव्ही हळू कर, शेजारी घर सोडून जातील. सगळ्यात शेवटची, आई, तुझं बरोबर आहे. हे वाक्य तो जन्मात कधी बोलला नव्हता, आणि पुढेही फार काटकसरीने वापरलं त्याने. पण सगळ्यात जास्त दाबली ती वरून दुसरी. आई, मी बरा आहे गं, तू जेवून घे. आवाज ऑपरेशनच्या आधीचा, भरदार, स्टँडवरचा. आणि समोर तो, ओठ मिटून, घामाने निथळलेला. बरं नसताना बरा आहे म्हणायची इतकी सोय माणसाला नसावी. शेवटच्या दिवसांत तो उठूही शकत नव्हता, तेव्हा मला खुणेने दोन बोटं दाखवायचा. मी जाऊन दुसरी ओळ दाबायचे आणि त्याच्या वतीने मीच मला सांगायचे की तो बरा आहे.

तो गेल्यावर तुझी आई दुकानात असताना मी रोज दुपारी जेवायच्या आधी ती ओळ दाबायचे. म्हणून तू रजेवर आलीस आणि म्हणालीस, बाबांचे आवाज दुसरीकडे काढून ठेवते, तेव्हा मी तुला हात लावू दिला नाही. माझी सगळी ओळख जागेवरून आहे, टकळे. गॅसचं बटण, औषधाची बाटली, बसचं दार, सगळं कुठे आहे त्यावरून मी ओळखते. ते पान हललं तर माझ्यासाठी तो पुन्हा गेला असता. तू समजून घेतलंस. म्हणालीस, बरं, जुनी सिस्टिम तशीच राहू दे, हिरवी तिच्या शेजारी बसवू, तुझं पान जागचं हलणार नाही. सरळ उपाय सोडून तू आडवळणाने गेलीस ते माझ्या हट्टापायी. फोटो, कागदपत्रं सगळं पेनड्राइव्हवर गेलं. तेवढं पान राहिलं.

त्या दुपारी हिरवी बसवताना मधेच तुझ्या ऑफिसचा फोन आला आणि तू गच्चीत गेलीस. परत आलीस तेव्हा पडद्यावर पट्टी सरकत होती. तुला वाटलं, जाता जाता तूच पुढचं बटण दाबलं असणार. तासाभराने कॉम्प्युटर चालू केलास तेव्हा हिरवी एकटीच होती. जुनी नव्हती, पान नव्हतं. तू कॉम्प्युटरची डिस्क काढून दोन दुरुस्तीवाल्यांकडे घेऊन गेलीस, दोघांनी नाही म्हणून मान हलवली. तुझी आई दुकानातून आली, तिने ऐकलं, आणि जे बोलायला नको होतं ते बोलली. बापाचा आवाज एकदा रोगाने नेला, एकदा तू. आता हे लिहिताना तिचा हात अडलाय. लिही बाई, बोलली होतीस, तर लिहायलाही हवं. मी पलंगावर बसून मोज्यांच्या जोड्या लावत होते. एकही जोडी बरोबर लागली नाही, आणि कुणाच्या ते लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने तू गेलीस. तेव्हापासून फोनवर विचारतेस, औषधं घेतली का, जेवलात का, आणि ठेवून देतेस. तुझी टकळी थांबली. आईशी तू बोलतेस ते चौकशीच्या खिडकीवर बोलावं तसं.

गेल्या आठवड्यात तुझं पत्र आलं. तुझ्या आईने ते मला वाचून दाखवलं, एका सुरात, मधे मधे वरती पंख्याकडे बघत. तू लिहिलंस की कॉम्प्युटर कुणाला तरी देऊन टाका, तो घरात असेतो मला तिथे येववत नाही, माझ्या हाताने बाबांना पुसलं. वाचून झाल्यावर तुझी आई बराच वेळ कागदाच्या घड्या घालत राहिली. इतक्या घड्या घातल्या की तो नखाएवढा झाला. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हटलं, चहा टाक. गेले आठ दिवस मी असाच चहा मागतेय, आता तुझी आई मला डॉक्टरांकडे न्यायचं म्हणतेय.

आज तिला समोर बसवलंय ते यासाठी. टकळे, तू फोन घ्यायला गेलीस तेव्हा पडद्यावर एकाखाली एक ओळी आल्या होत्या, प्रत्येक ओळीच्या आधी गोल टिकली. मला वाटलं, आलं त्याचं पान. म्हटलं, नव्या घरात तो बोलतो का बघू, तू यायच्या आत ऐकून घेऊ. मी वरून दुसरी दाबली. तो बोलला नाही. म्हटलं, पुढे जायचं राहिलं असेल, म्हणून खालच्या उजव्या कोपऱ्यातलं बटण दाबलं. पडद्याने काहीतरी विचारलं. मला ते वाचता येत नव्हतं, नियम येत होता, मी पुन्हा कोपऱ्यातलंच दाबलं, आणि तुझी पावलं ऐकून पलंगावर जाऊन बसले. वरची ओळ दोन्ही सिस्टिम ठेवायची होती आणि दुसरी सगळं पुसायची, हे तू रडत रडत आईला समजावत होतीस तेव्हा मला कळलं. त्या दिवशी घरात कुणी मला विचारलंच नाही. अडाणी बाई, तिला काय कळतंय. साठ वर्षं ज्या गोष्टीची मला लाज वाटली, तिचंच पांघरूण घेऊन मी दीड वर्ष झोपले, आणि तुला उघड्यावर ठेवलं. जिच्यात काही झाकलेलं नसतं अशी सिस्टिम तू घरात आणलीस, आणि त्याच तासाला मी हे झाकलं. तुझ्या हाताने काही पुसलं नाही, पोरी. हात माझा होता. तुझ्या आईने पेन खाली ठेवलेलं नाही, पण ती माझ्याकडे बघत नाही, आणि कागदावर ओल पडलीय, तेव्हा शेवटचे शब्द फुटले असतील तर ते तिचं अक्षर नव्हे. मला माफ कर असं मी सांगत नाही. तुझ्या आईशी बोल, एवढंच सांगते. कॉम्प्युटर मी कुणाला देणार नाही. मी अजून रोज दुपारी जेवायच्या आधी तो चालू करते, हिरव्या पडद्यावर वरून दुसरी जागा असेल तिथे बाण नेते, थोडी थांबते, आणि मग जेवायला बसते.

तू येशील त्या गाडीला स्टँडवर येऊन बसणारी,
तुझीच आजी