शेळ्या राखायला ठेवलेली पोर

कारखान्याचा तळ, श्रीगोंदा
शनिवार

प्रिय राही,

आता तूच सांग, जी बाई सकाळी दवाखान्यात माझ्या रोहिणीकडून सासऱ्याला सलाईन लावून घेते, तीच बाई संध्याकाळी तिला खोली नाही म्हणते, ह्याला काय म्हणायचं? आधी हो म्हणाली होती. खोली दाखवली, नळाची वेळ सांगितली, पंखा आमचाच आहे म्हणाली. मग पूर्ण नाव विचारलं. पोरीनं आडनाव सांगितलं आणि बाईला एकदम आठवलं, की तिचा भाचा शिकायला यायचाय. पारनेरात असे भाचे लई झालेत. अकरा घरं फिरली माझी पोर, त्यात सात ठिकाणी भाचे निघाले. दोघांनी विचारलं, वशाट चालतं का. ही म्हणाली, मी अंडंसुद्धा खात नाही. तरी मान हललीच. एकानं तर सरळ विचारलं, "तुमी कोनापैकी?" तो माणूस मला त्यातल्या त्यात बरा वाटला, त्यानं भाच्याला मधी आणलं नाही.

तुला माहीतच आहे, रोहिणीला सरकारी नर्सची नोकरी लागली. अजून नगरच्या हॉस्टेलातून रोज पहिल्या एसटीनं पारनेरला जाते. पण शिक्षण संपलं, तर हॉस्टेल तरी किती दिवस ठेवून घेणार? महिनाअखेर खोली खाली करा असं सांगितलंय. पगार आहे, नोकरी आहे, नुसतं डोकं टेकायला जागा नाही. आम्ही बिनपगाराचे होतो तेव्हाही हेच होतं, म्हणून मला वाटायचं, पैसा आला की मिटंल. कसलं मिटतंय.

फोन सोडून छबू पत्र कशाला लिहीत बसली, असं तुला वाटेल. फोनवर तुझे मालक आप्पासाहेब शेजारी बसलेले असतात, तुला खरं बोलता येत नाही. आणि मला हळू बोलता येत नाही. कागदावर एकेक अक्षर शोधावं लागतं, तेवढ्यात राग जरा खाली बसतो. आपण दोघी एकाच शाळेतल्या, तू पुढं बसायचीस, मी दाराशी. मी चौथीत सुटले, तू सातवीत. मग नशिबानं एकाच गावात दिल्या गेलो. चारचौघांत मी तुला वहिनी म्हणते, बांधावर राही. आज बांधावरचंच लिहिते आहे.

तो दिवस तुला आठवतो का, मला माहीत नाही. रोहिणी चौथीत होती. थोरल्या धनश्रीचं आम्ही आदल्या वर्षीच पंधराव्या वर्षी लग्न उरकलं होतं. वाढत्या पोरीला ऊसतोडीच्या फडात न्यायची सोय नाही आणि घरी एकटी ठेवायची तर अजिबात नाही. तिचं वाईट अजून वाटतं. तर ट्रक वेशीत उभा होता, आत भांडी, कोंबड्या, बाजरीचं पोतं, आणि पोत्यावर रोहिणी. तू धापा टाकीत आलीस आणि सगळ्या टोळीसमोर म्हणालीस, "छबे, आमच्या शेळ्या राखायला पोरगी पायजे. हिला ठिव." मला असा राग आला. म्हटलं, इतक्या वर्षांची मैत्रीण, आणि शेवटी हिलाही माझी पोर शेळ्यांमागंच दिसली. पण फडात येऊन तरी काय करणार होती, पाचटात बसून उसाच्या वाढ्यांच्या पेंढ्या बांधल्या असत्या. उतरवली खाली. तुझ्याकडं पाठ करून ट्रकात चढले. सहा महिने कोयता चालवताना मनातल्या मनात तुला शिव्या घातल्या, त्या आता परत घेते.

पाडव्याला आले तर पोरीच्या बोटांना शाई. आणि तुझ्या हातांवर बाभळीचे ओरखडे. मला कळंना. मग रोहिणीनंच सांगितलं. सकाळी ती शेळ्या घेऊन निघायची, ओढ्यापाशी तू गाठायचीस, शेळ्या तू घ्यायचीस आणि डोक्यावरच्या पाटीतलं दप्तर तिला द्यायचीस. संध्याकाळी पुन्हा अदलाबदल. सासूबाईंना सांगायचीस, पोरगी कामाची हाय, शेळ्या कशा भरल्यात बघा. पाटलाच्या घरची सून आमच्या पोरीच्या वाटणीच्या शेळ्या राखते, हे सगळ्या गावानं बघितलं असणार. सासूबाईंपर्यंत कसं गेलं नाही, देव जाणे. असे सात हंगाम तू काढलेस. शाळेच्या हजेरीत एक दिवस खाडा नाही. आमच्या वस्तीतली बाकीची पोरं दिवाळीनंतर पटावर नुसती नावाला असायची.

तिचं ताट वेगळं होतं, ते मला ठाऊक आहे. गोठ्याच्या कोनाड्यात जर्मनचं ताट आणि एक पेला. पोरीनं कधी सांगितलं नाही, मीच बघितलं. वाईट वाटलं नाही असं खोटं कशाला लिहू? लई वाटलं. तरी दरसाल दिवाळी झाली की तिला तुझ्याच दारात सोडून गेले, कारण त्या कोनाड्याच्या पलीकडं शाळा होती. तुझं त्या घरात जेवढं चालत होतं तेवढं तू केलंस, नि नव्हतं चालत तेही ओढ्यावर केलंस. दहावीच्या पेपरांना तिच्याबरोबर जाऊन शाळेच्या फाटकाबाहेर तू बसायचीस. आई मी, पण मी तेव्हा इथंच ह्या तळावर मोळ्या बांधत होते. आपल्यात आभार मानायची पद्धत नाही, म्हणून इतकी वर्षं गप्प राहिले. आज लिहून टाकते. रोहिणी नर्स झाली ती तुझ्यामुळं. माझ्यामुळं ती फक्त जन्मली.

आता ज्याच्यासाठी कागद घेतला ते सांगते. मघाशी अकरा घरं लिहिली, पण बारावं राहिलं. बाजारपेठेच्या मागं एक नवं दुमजली घर आहे, फाटकावर पाटी, वरची खोली भाड्यानं देणे आहे. खाली नंबर. रोहिणीनं तो फोनात टाकला, तर नाव आलं रविदादा. तुझ्या लेकाचं, रविराजचं घर, राही. तिथून ती बेल न वाजवता माघारी फिरली. मी ओरडले तिच्यावर, का गं विचारलं नाहीस? तर म्हणाली, "आई, बाकीच्यांचं न्हाई ऐकते आन् बस पकडते. राहीमावशीच्या घरचं न्हाई मला सोसायचं न्हाई." हे पत्र लिहिल्याचं तिला ठाऊक नाही. त्या घराचा कागद तुझ्या नावावर आहे, बाईच्या नावानं सरकारी खर्च कमी लागतो म्हणून, हे तूच मला हसत हसत सांगितलं होतंस. नावाला का होईना, मालकीण तू आहेस. तेव्हा तू ठरव. भाडं दुसऱ्यांकडून घेशील तेवढंच घे, एक रुपया कमी नको. करारावर तिचं नाव पुरं लिही, आडनावासकट. आणि ह्या वेळी कुणापासून चोरून नको, तशी खोली मला नको. रविराज नाही म्हणाला, तुझं चाललं नाही, तर तसं लिही. तुझ्यावर रागवायची माझी जीभ आता उचलायची नाही. पण जे असेल ते तू स्वतः लिही, सुनेच्या हातून नको आणि कारण शोधून नको. हे पत्र टेम्पोवाल्या कल्याणबरोबर धाडते आहे. तो बुधवारी सकाळी गावातून परत निघतो. त्याच्या हातात हो किंवा नाही दे. बुधवारी संध्याकाळी मी तळाच्या तोंडाशी उभी असेन.

तुझीच,
छबू